वाइनफिर्टेलची मिरी

पंपाच्या फ्लँजचा शेवटचा बोल्ट आवळता आवळता तुळशीदासनं गप्पांत द्राक्षाच्या मांडवावर मिरीचा वेल चढवला.

"आमच्या गावी पोफळीवर चढवतात ना, तसाच. म्हणून तर ऑस्ट्रियातल्या त्या वाइनफिर्टेलच्या पांढऱ्या वाइनला मिरीचा झणका असतो. ताजी असली तर जिभेवर नुसती नाचते! दोन हंगाम काढलेत मी तिथं."

"आणि दर गणपतीला कुडाळात कोण होतं रे, तुझं भूत?" कमालनं विचारलं.

कुवेतच्या राई भागातलं ते पंपांचं वर्कशॉप खदखदलं. सगळ्यांना कळावं म्हणून गप्पा हिंदीत चालायच्या. कुवेतमध्ये दारूबंदी कडक, पण तुळशीदासनं पाजलेली कुठल्या तपासणीत सापडणार?

हसणं एकदम थांबलं. मागं हूबरसाहेब उभा होता, खुद्द वाइनफिर्टेलचा, आणि एव्हाना हिंदी कळणारा. त्या वाइनला मिरीचा वास असतो, हे तुळशीदासनं त्याच्याच तोंडून ऐकलेलं. बाकीचा मळा घरचा. कंपनीच्या ऑस्ट्रियातल्या फॅक्टरीत ट्रेनिंगला एकच फिटर जायचा होता, नाव आज ठरणार होतं, आणि अकरा वर्षं तुळशीदास त्याच संधीवर डोळा ठेवून होता.

साहेबानं त्याला केबिनमध्ये नेलं.

"तिथं मिरी उगवत नाही. तो वास द्राक्षाचाच. तू कधी गेलाच नाहीस."

"नाही, साहेब."

"ती वाइन तरी चाखलीस?"

"गळ्यात माळ आहे, साहेब."

साहेबानं फॉर्म पुढं ओढला आणि त्यावर तुळशीदासचं नाव लिहिलं.

"फॅक्टरीपासून तासाभरावर माझी आई राहते. तिला इंग्रजी येतं. भेटून ये."

"निरोप काय सांगू?"

"मारिया मजेत आहे म्हणावं. आम्ही दोघं..." साहेब अडला. साहेबाची बायको मारियाबाई दोन वर्षांपूर्वी बॅगा भरून गेली होती, हे सगळं वर्कशॉप जाणून होतं. "तिला खरं वाटेल असं सांग."

तुळशीदासनं हात पुसले आणि कुणी न सांगता खुर्ची ओढून बसला.

"हे अंदाजानं नाही जमायचं, साहेब. बाईसाहेब सकाळी उठून आधी काय करायच्या?"

साहेबानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"खिडक्या उघडायची," तो म्हणाला. "इथल्या जुलैच्या उन्हातसुद्धा."