जखिणीचं नाव

सिनेमा भिकार निघणार, याबद्दल आनंदीताईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. विश्रांतवाडीहून निघतानाच त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "अहो, मी एसीत बसायला येतेय. मला मत विचारू नका."

नवऱ्याची, म्हणजे यज्ञेश्वररावांची, 'जखीणबाई' ही चित्रकथा एके काळी एका साप्ताहिकात यायची आणि पुण्यातली निम्मी पोरं ती अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची. आता तिच्यावर सिनेमा काढला होता. यज्ञेश्वरराव नवा झब्बा घालून, वराच्या बापासारखे ताठ बसले होते.

पडद्यावर जखीण आली ती छताला उलटी लटकत. मग किंचाळली. मग काही कारण नसताना नाचली. इथवर आनंदीताईंना राग आला नाही. उलट आपला अंदाज बरोबर ठरला याचं बारीकसं समाधानच वाटलं. पॉपकॉर्न तेवढं बरं होतं.

तेवढ्यात जखिणीच्या नवऱ्याने हंबरडा फोडला, "कामिनी!"

आनंदीताईंचा हात पॉपकॉर्नमध्येच थांबला. "मेल्यांनो!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं.

चित्रकथेत जखिणीला नाव नव्हतं, हीच तर सगळी गोष्ट होती! जन्मभर नवरा तिला 'अगं' म्हणत आला, आणि ती मेल्यावर त्याला तिचं नावच आठवेना. एकदा नावाने हाक मारली असती, तर ती सुटली असती. दर आठवड्याला ती दारात उभी राहून अदबीने विचारायची, "अहो, आठवलं का?" आणि तो म्हणायचा, "अगं, जरा थांब." बस. लटकणं नाही, नाच तर नाहीच नाही.

आणि हे सुचलं होतं आनंदीताईंना. यज्ञेश्वरराव चित्रं काढायचे, बोलण्याचे फुगे कोरे ठेवायचे आणि पान स्वयंपाकघरात आणून द्यायचे. कुकर होईस्तोवर आनंदीताई ते फुगे भरायच्या. खाली सही मात्र एकट्या यज्ञेश्वररावांची. "एका घरात दोन नावं कशाला?" असं ते एकदा म्हणाले होते आणि तिथे विषय संपला होता.

"अहो, तिला नाव दिलंय त्यांनी!" आनंदीताई फणकारल्या.

"अगं, चालायचंच. नाव नको का? लोकांना कळणार कसं, कोण ते?"

आनंदीताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पडद्यावरची जखीण बरी. मग सिनेमा संपल्यावर त्या उठल्याच नाहीत. शेवटची पाटी सरकेपर्यंत त्यांनी सगळी नावं वाचली. चहा पुरवणाऱ्याचं नाव होतं. मांजराचंसुद्धा होतं. 'मूळ कथा आणि संवाद: यज्ञेश्वर' हेही होतं. त्यांच्या कानांतून वाफा निघत होत्या.

बाहेर मोबाइल सरसावून एक मुलगी उभी होती. "सर, मी अपूर्वा, माझं चॅनल आहे. मूव्ही एकदम बंडल, पण ओरिजिनल कॉमिक जीनियस होतं! ती 'अहो, आठवलं का' आयडिया कुठून सुचली?"

यज्ञेश्वररावांनी झब्बा नीट केला. "त्याचं असं झालं, एकदा स्वारगेटला बसची वाट बघत होतो, आणि एकदम डोळ्यांसमोर..."

"यज्ञेश्वर!"

लग्न झाल्यापासून हे नाव आनंदीताईंच्या तोंडून फक्त उखाण्यात आलं होतं. हाक कोणी मारली हे बघायला यज्ञेश्वररावांनी आधी भलतीकडेच पाहिलं.

"स्वारगेटला तुला बसशिवाय काही सुचलं नव्हतं," आनंदीताई म्हणाल्या. "फुगे कोण भरायचं, ते सांग तिला."

"अगं, हळू! लोक बघतायत..."

"अगं नाही. नाव घे."

अपूर्वाने मोबाइल खाली घेतला नाही. यज्ञेश्वररावांचा चेहरा पडला होता.

"आनंदी," ते पुटपुटले.

"माझ्याकडे काय बघतोस? मला माहितीये माझं नाव. मोबाइलकडे बघून सांग."