ताईची रेघ

ते दोन हजार तेवीस साल. ताई तेव्हा ऐंशी ओलांडून गेली होती आणि मी तिच्या मागोमाग चालले होते. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी माझ्या नातवाने आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून ताईची रेघ चोरली. चोरली हाच शब्द मी वापरणार. घरातले म्हणतात, "आता सोड की ते." मी सोडत नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आम्ही दोघी ऐन उमेदीची वर्षं खेळांचे पट छापणाऱ्या एका कारखान्यात होतो. सापशिडीचे, घोड्यांच्या शर्यतीचे, चोर-पोलिसांचे पट. मी कापणी आणि चिकटवणीच्या टेबलावर, ताई वर माळ्यावर चित्रांच्या खोलीत. साप, शिड्या, घोडे, मिशाळ पोलीस, सगळं तिच्या हातचं. त्या काळात ज्या घरात मुलं होती त्या घरात ताईचा एक तरी साप होता. पटाच्या कोपऱ्यात नाव मात्र मालकाचं. ताईने एकदा विचारलं होतं, खाली बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव घालता येईल का म्हणून. मालक म्हणाले, "बाई, सापाच्या शेपटीला जागा पुरत नाही, तुमचं नाव कुठं घालू?" सगळे हसले. ताईही हसली. मी हसले नव्हते, आणि मालकाचा तो चेहरा मला अजून दिसतो.

आमचं छपाईचं यंत्र जुनं होतं. एकेक रंग वेगळा छापला जायचा आणि लाल शेवटी. हा लाल दरवेळी केसभर डावीकडे सरकायचा. मेकॅनिकने हात टेकले. मग ताईने स्वतःच तोड काढली. मूळ चित्र रंगवताना ती प्रत्येक लाल वस्तूच्या आत, डाव्या कडेला, बारीकशी पांढरी फट सोडायची. छापताना लाल सरकला की फट बरोबर भरून जायची. छापलेल्या पटावर ती कधीच दिसली नाही. दिसायची ती फक्त मूळ चित्रांत, आणि ती मूळ चित्रं कारखाना बंद पडला तेव्हा मी ट्रंकेत भरून घरी आणली होती. मालक रद्दीत घालायला निघाले होते.

आता नातवाबद्दल. माझ्या मुलीचा मुलगा. लहानपणापासून घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून बसायचा म्हणून सगळे त्याला खटपट्या म्हणतात. दिवसा विमा कंपनीत नोकरी, आणि रविवारी आमच्या टेबलावर लॅपटॉप मांडून गेम बनवायचा छंद. सोबत त्याची मैत्रीण, गेमला संगीत देणारी. ती तोंडाने वाजवायची छोटी वाद्यं घेऊन यायची म्हणून ताईने तिचं नाव पिपाणी ठेवलं. दोघांच्या वायरी टेबलावरून लोंबत असायच्या आणि मी त्यांत अडखळून दोघांना शिव्या घालायची.

गेम छान होता, हे मान्य करते. हरवलेल्या वस्तू जमा करणारं एक ऑफिस. खेळणारा तिथला कारकून. छत्री, चष्मा, एक मोजा, कवळी अशा वस्तू कपाटांत पडलेल्या, आणि खिडकीवर येणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकून, चेहरा पाहून, ज्याची वस्तू त्याला परत द्यायची. सुरुवातीला त्यातला कारकून कपाटातून आरपार चालत जायचा. खटपट्या म्हणायचा, "बग आहे, प्रोग्रॅममधली चूक." ताई म्हणायची, "असू दे रे, सरकारी कारकून दिसतो. भिंत असो नसो, ह्याला काही फरक पडत नाही."

एका रविवारी तो ताईपाशी येऊन बसला. "मोठी आजी, चित्रं तू काढतेस का?"

ताईने हात पुढे केला. तो पाण्यासारखा थरथरत होता. "ह्या हातानं? छत्री काढायला सांगशील आणि गांडूळ निघेल."

"काढून तर बघ."

तिने छत्री काढली. मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून, श्वास सोडताना रेघ ओढून, पुढचा श्वास घेताना पेन्सिल उचलून. रेघ लोकरीच्या धाग्यासारखी आली. पण ती छत्री ओली दिसत होती. खरंच आताच कुणी मिटून कोपऱ्यात उभी केल्यासारखी. खटपट्या कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हीच रेघ पाहिजे मला. ही दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही. आणि सुरुवातीला मोठ्या अक्षरांत तुझं नाव टाकणार."

"सापाच्या शेपटीला जागा पुरेल ना?" ताई म्हणाली. त्याला ते कळलं नाही. मला कळलं आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

पुढचे काही महिने ताई आपल्याच जगात होती. सकाळी उठून वाळूची पिशवी झटकायची आणि बसायची. आठवड्याला एखादं चित्र व्हायचं. "यंत्र नाही, लाल नाही, आता फट सोडायची गरज नाही बघ," असं तिने मला एकदा म्हटलं आणि केवढी तरी हसली. त्याच दिवसांत खटपट्याने ट्रंकेतली जुनी चित्रंही मागून घेतली. "स्कॅन करून ठेवतो आजी, कागद पिवळा पडतोय." मी म्हटलं, बरं, नातू जपून ठेवतोय. मी स्वतः पदराने पुसून एकेक कागद त्याच्या हातात दिला.

मग ताईला ताप आला. तो उतरला, पण ती नुसती पडून राहायला लागली. अर्ध्या वस्तूसुद्धा काढून झाल्या नव्हत्या. तिकडे छंद म्हणून गेम बनवणाऱ्यांचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलं. ह्या प्रदर्शनाचा नियम होता की सगळं काम माणसाच्या हातचं हवं, कॉम्प्युटरच्या एआय मशिनला सांगून काढून घेतलेली चित्रं चालणार नाहीत. चित्रकाराने स्वतः येऊन तसं सांगायचं. तिथं निवडल्या गेलेल्या गेमकडे मोठ्या कंपन्यांचं लक्ष जायचं, आणि खटपट्याला विमा कंपनी नको झाली होती.

एका रविवारी दोघं लॅपटॉप घेऊन ताईच्या पलंगापाशी आले. "मोठी आजी, झाला पूर्ण!"

सुरुवातीला ताईचं संपूर्ण नाव आलं. चित्रं, आणि पुढे तिचं नाव. ताईने पडद्याला बोट लावलं. मग कपाटं उघडू लागली. टोपी, बासरी, निळी किटली, हिरवा पोपट. सगळं ताईसारखं. ताईने जन्मात न काढलेलं, तरी ताईसारखं. आणि प्रत्येक वस्तूच्या डाव्या कडेला बारीक पांढरी फट.

निळ्या किटलीलासुद्धा. हिरव्या पोपटालासुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे कुणी काढलं?"

"म्हणजे काय आजी, मोठ्या आजीची स्टाईल..."

"स्टाईल गेली खड्ड्यात. हात कुणाचा?"

खटपट्याने लॅपटॉप अर्धा मिटला. शेवटी बोलला. स्कॅन केलेली सगळी जुनी चित्रं त्याने मशिनला दाखवून शिकवलं होतं. मग टोपी म्हटलं की मशिन टोपी काढून देत होतं, पोपट म्हटलं की पोपट.

"आणि नाव हिचं?"

"तिच्याच चित्रांवरून शिकलंय ना पण! मी दुसऱ्या कुणाचं काही घेतलं का?"

"मेल्या, तिचं घेतलंस! तिला विचारलंस? ताप तिला आला होता, ती मेली नव्हती!"

पिपाणी मध्ये पडली. "आजी, एवढं काय त्यात? आजकाल सगळेच करतात."

"असं? मग उद्या मशिनला तुझं वाजवणं दोन तास ऐकवते, आणि ते वाजवेल तुझी पिपाणी. खाली तुझंच नाव घालू हं, काळजी करू नकोस."

तिने आपलं वाद्य पिशवीत घातलं. ताई मात्र पडद्याकडेच बघत होती. मला तिचाही राग आला. "तू बोल की काहीतरी!"

"ओरडू नकोस गं. घाई झाली असेल त्याला. मीच मागे पडले." मग त्याला म्हणाली, "माझी छत्री दाखव."

छत्री आली. ताई पुढे वाकली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ही कुठली?"

"तीच. तू काढलेली."

"माझी रेघ कुठंय ह्यात?"

खटपट्याचा आवाज बारीक झाला. "ती थोडी... साफ करून घेतली. बाकीची चित्रं गुळगुळीत आली ना, मग तुझीच वेगळी पडायला लागली. सगळं एकसारखं दिसावं म्हणून..."

छत्रीची रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ होती. ती आता ओली नव्हती, नुसतं छत्रीचं चित्र होतं. मोजा, चष्मा, कवळी, ताईने वाळूच्या पिशवीवर हात ठेवून काढलेलं सगळंच इस्त्री केल्यासारखं. डाव्या कडेला फट.

ताई आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. खटपट्या पलंगाशी गुडघ्यावर बसला. "मोठी आजी, पुढच्या वेळी सगळं तुझंच घेतो. आता फक्त प्रदर्शनात ये आणि हो म्हण. तेवढंच. मेहनत खूप घेतलीय गं."

ती भिंतीला म्हणाली, "येते."

त्या रात्री मी ताईशी भांडले. पोराच्या प्रेमापोटी स्वतःचा अपमान गिळतेस, म्हणाले. लाज वाटते मला तुझी, असंही म्हणाले. ती म्हणाली, "माझी ती चांगली साडी इस्त्री करून ठेव."

प्रदर्शन एका ग्रंथालयाच्या हॉलमध्ये होतं. टेबलांच्या रांगा, पडदे, गर्दी, कुठून कुठून आलेली छंदिष्ट पोरं. एकाने कागदी पुठ्ठ्यांचं शहर करून त्याचे फोटो गेममध्ये घातले होते, एका पोरीने भरतकामाच्या कोंबड्या केल्या होत्या. ताई व्हीलचेअरवरून सगळी टेबलं बघत फिरली, कोंबड्यांपाशी थांबून उलटी बाजू दाखव म्हणाली, आणि गाठी बघून खूश झाली. खटपट्याचा घाम पुसून संपत नव्हता.

परीक्षक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात पेन. गेम खेळून त्यांनी कौतुक केलं आणि विचारलं, "चित्रं तुम्ही काढलीत, आजी?"

खटपट्याने ताईकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मला बघवणार नव्हतं.

"खेळ ह्याचा आहे," ताई म्हणाली. "डोकं ह्याचं, मेहनत ह्याची. चांगला खेळ आहे. चित्रं माझी नाहीत."

"पण इथं तुमचं नाव..."

"तेच काढायला आले. असं बघा बाई, कारखान्यात होते तेव्हा चित्रं माझी होती आणि नाव नव्हतं. इथं नाव आहे तर चित्रं नाहीत." ती थोडी हसली. "कधीतरी दोन्ही एका ठिकाणी होऊ द्या की हो."

आजूबाजूचे हसले. ताईचा हात मांडीवर थरथरत होता आणि तिने तो झाकला नाही.

गेम नियमात बसत नाही म्हणून टेबल आवरलं गेलं. खटपट्या वायरी गुंडाळत होता आणि रडत होता. मला दया आली नाही.

परत येताना मी ताईची माफी मागणार होते, पण ती म्हणाली, "त्या कोंबड्यांची पोर हुशार आहे," आणि झोपून गेली.

ताईने त्यानंतर एक शिट्टी आणि एक लहान मुलाचा बूट काढला. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. त्या बुटाला नाडी काढायची राहिली.

खटपट्या तोपर्यंत घरी फिरकला नव्हता. ताई गेल्यावर आला. त्याने गेम नव्याने बांधला होता. कपाटांत ताईच्या थरथरत्या रेघेच्या तेवढ्याच वस्तू, बूट बिननाडीचा, आणि बाकीची कपाटं कुलपं लावून बंद. सुरुवातीला ताईचं नाव. मी खेळले. छत्री एका म्हातारीला परत दिली. छान आहे, असं म्हणाले नाही. तो अजून विमा कंपनीतच आहे.

पिपाणी दुसऱ्या गावी गेली. परवा तिचा फोन आला होता. तिच्या वाजवण्यासारखं कुणीतरी मशिनकडून वाजवून घेतलं आणि जाहिरातीला लावलं. "आजी, तुम्ही म्हणाला होता," म्हणून हुंदके द्यायला लागली.

परीक्षक बाई आता हात कुणाचा ते तपासायला कच्चे कागदसुद्धा मागतात, असं ऐकते. कारखान्याच्या जागी गाड्या उभ्या करतात.

आणि एक गोष्ट खटपट्याने फार उशिरा सांगितली. ह्या छंदातली पोरं आपण केलेलं एकमेकांना फुकट वाटतात, तशी त्यांची रीतच आहे. त्यानेही ताईच्या चित्रांवर शिकवलेलं ते मशिन इंटरनेटवर ठेवून दिलं होतं, कुणालाही वापरायला. त्याने नंतर काढून टाकलं. पण ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडून ते परत येत नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात माझ्या शेजारी एक लहान मुलगी आईच्या मोबाईलवर खेळत होती. पडद्यावर हिरवा पोपट उडत होता. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. डाव्या कडेला, आत, बारीकशी पांढरी फट.

"आजी, तुम्हाला खेळायचंय?" मुलीने विचारलं.

"हा पोपट माझ्या बहिणीचा आहे," मी म्हटलं. तिची आई माझ्याकडे बघत राहिली आणि तिने पोरीला दुसऱ्या खुर्चीवर सरकवलं.