रविवारी अकराच्या आत

ऑपरेटरबाईंना निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली होती, पण इमारतीतले सगळे त्यांना अजून ऑपरेटरबाईच म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजात त्यांनी कुणाकुणाला जोडून दिलं त्याला गणती नाही. आता त्यांच्या स्वतःच्या फोनची घंटा वाजली तर बहुधा राँग नंबर असे, आणि बाई त्यालाही "असू दे, बोला" म्हणत. माणूस एकटं पडलं की राँग नंबरही गोड लागतो.

त्यांचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, धाकटी बहीण. ती लांबच्या गावी, वृद्धांच्या संस्थेत राहायची. जन्मापासून बहिरी. त्या काळी अशा मुलींना शाळेत घालायचं कुणाच्या मनातही येत नसे, त्यामुळे अक्षरओळख शून्य. लहानपणी दोघींनी घरातल्या घरात हातवाऱ्यांची एक भाषा जुळवली होती. ती आईलाही धड येत नव्हती. ती जाणणाऱ्या जगात आता या दोघीच. जिने जन्मभर लोकांचे आवाज जोडले तिच्या सख्ख्या बहिणीला फोनचा काडीचा उपयोग नव्हता.

उपयोग होता तो बाईंच्या सतरा इंची म्हाताऱ्या लॅपटॉपचा. दर रविवारी सकाळी अकराला धाकटी संस्थेतल्या संगणकासमोर येऊन बसायची, इकडे बाई बसायच्या, आणि तासभर दोघींचे हात चालायचे. बाकीचा आठवडा बाई त्या तासाच्या जिवावर काढत. मग एका सकाळी व्हिडिओच्या प्रोग्रामने जाहीर केलं की तुमची सिस्टिम फार जुनी झाली, यापुढे चालणार नाही.

"मीही जुनीच आहे, मला कुठं कुणी बंद केलंय?" बाई त्याला म्हणाल्या. त्याने काही ऐकलं नाही.

तीन रविवार असेच गेले. पहिल्याला शेजारणीचा मोबाइल मागून आणला, पण वीतभर काचेत चेहरा मावला तर हात मावेनात, आणि धाकटीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिने मान पुढे काढून बघितलं, ओळख पटली नाही, उठून गेली. तिसऱ्या रविवारी बाईंनी संस्थेत फोन केला.

"अकराला येऊन बसतात हो," तिथल्या मावशी म्हणाल्या. "काळा पडदा बघत राहतात. उठवलं तर उठत नाहीत, ताट नेलं तर सरकवून देतात. पार अर्ध्या झाल्यात."

"तिला सांगा ना, माझं मशीन बिघडलंय म्हणून."

"कसं सांगू, बाई? माझं त्यांना कळत नाही, त्यांचं मला कळत नाही."

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता, दोन गाड्या बदलून जाणं डॉक्टरांनी साफ नाकारलं होतं. तेव्हा मार्ग एकच. लॅपटॉपमध्ये नवी सिस्टिम घालायची, आणि तीही येत्या रविवारी अकराच्या आत.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "ठेवून जा दुकानात. पंधरा दिवसांत बघतो."

"पंधरा दिवसांत ती अन्नपाण्यावाचून जाईल."

कोण जाईल, हे ऐकून घ्यायला त्याला पाच मिनिटं लागली. मग त्याचा सूर खाली आला. "बरं, घरीच करू. मी फोनवर सांगतो. पेनड्राइव्ह आहे?"

"आहे, पण लावायच्या दोन्ही खाचा मेल्यात."

"सीडी?"

"तिचा कप्पा दोन वर्षांत उघडलेला नाही."

"मग काय मंत्र म्हणून घालायची सिस्टिम?"

माणूस बोलायला तिरका, पण हाडाचा कारागीर. तासाभराने त्याचाच फोन आला. "एक वाट आहे. तुमच्या डिस्कचाच एक तुकडा वेगळा काढायचा. नवी सिस्टिम इंटरनेटवरून उतरवून त्या तुकड्यात ठेवायची. मग लॅपटॉपला सांगायचं, आज इथून ऊठ. तो उठला की तिथूनच बाकीच्या डिस्कवर नवी सिस्टिम बसवायची."

"म्हणजे घरात राहूनच घर पाडून बांधायचं."

"बरोब्बर. एक चूक झाली की घरही गेलं आणि आपणही."

शुक्रवार-शनिवार फाइल उतरवण्यात गेले. ती मुंगीच्या पावलांनी येत होती. बाई समोर खुर्ची टाकून टक्के वाढताना बघत बसल्या, जेवल्याही तिथंच. घरात दुसरं कुणी हालचाल करणारं नव्हतंच. शनिवारी संध्याकाळपर्यंत तुकडा निघाला, फाइल त्यात उघडून ठेवली, चालू होतानाच्या यादीत एक ओळ वाढवली. दुरुस्तीवाला एकेक वाक्य सांगायचा, बाई ते वहीत लिहायच्या, मोठ्यांदा परत म्हणायच्या आणि मगच बटण दाबायच्या. तो वैतागला.

"बाई, पोपटासारखं काय लावलंय?"

"नंबर परत म्हटल्याशिवाय मी कधी लाइन जोडली नाही. चौतीस वर्षांत एकदाही चुकली नाही."

एकदाही हे जरा जास्तच झालं. दोन-तीनदा चुकली होती, पण ती माणसं आता तक्रार करायला येणार नव्हती.

रविवारी नऊला काम सुरू झालं. लॅपटॉप बंद करून चालू केला. यादीत दोन ओळी आल्या, बाईंनी दुसरी निवडली. पडदा काळा पडला तो पडलाच. मग पांढऱ्या अक्षरांच्या रांगा भराभर पळाल्या आणि कधी न पाहिलेलं चित्र उघडलं.

"आलं!" बाई ओरडल्या.

"आता सोपंय. पुढे, पुढे दाबत चला." दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, अर्धा कान तिकडे होता.

भाषा झाली, घड्याळ झालं. "आता विचारतंय, डिस्क पूर्ण पुसून नवी सिस्टिम बसवायची का?"

"हो, दाबा."

बाईंचं बोट बटणावर होतं. पण सवय ती सवय. "परत म्हणते. डिस्क पूर्ण पुसून. दाबते."

पलीकडून त्याने गिऱ्हाइकावर ओरडावं तसं ओरडून सांगितलं, "थांबा! हात काढा, हात काढा आधी!"

एरवी तो सगळं पेनड्राइव्हवरून करायचा, त्यात डिस्क पुसायचीच असते, तोंडाला तेच बसलेलं. इथे डिस्क पुसली असती तर तो तुकडाही पुसला असता, ज्याच्यावर सगळं उभं होतं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच.

"खालचं 'दुसरं काही' निवडा. जुना भाग तेवढाच पुसायचा." मग तो म्हणाला, "चूक माझी होती, बाई." असं तो गिऱ्हाइकाला कधी म्हणाला नसावा.

दहा वाजून दहा मिनिटांनी नवी सिस्टिम बसायला लागली. बाईंनी केस विंचरले, धाकटीला नीट दिसावं म्हणून गडद साडी नेसल्या, खिडकीचा पडदा सरकवला. मग करायला काही उरलं नाही आणि भीतीने गाठलं. चौथ्या रविवारी ती यायचीच नाही, असं झालं तर? या जगात आपली वाट बघणारं एकच माणूस, आणि तेही वाट बघून थकलं तर?

दहा पंचावन्नला लॅपटॉप पुन्हा उठला, नवा होऊन. अकराला दोन मिनिटं असताना बाईंनी संस्थेला व्हिडिओ लावला.

धाकटी बसलेली होती. गालफडं बसली होती. बाईंनी दोन्ही हात वर करून हलवले. ती हलली नाही. मग पुढे झाली, नाक काचेला टेकेपर्यंत, आणि बराच वेळ बघत राहिली. तिने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. बाईंच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून ती खूण म्हणजे ताई. मग तळहात सपाट धरून त्यावरून फुंकर मारली. वडील गेले तेव्हा दोघींनी ठरवलेली खूण. ताई गेली.

नाही, नाही, बाईंचे हात सांगत होते. मशीन बिघडलं होतं. मी आहे.

मी रडले, धाकटी म्हणाली. सगळं रडून झालं.

बाईंना हुंदका आवरेना. धाकटी शांतपणे बघत होती. मग तिने विचारलं, आणि सावकाश विचारलं, हात चुकू नयेत म्हणून. ताई खरंच जाईल, तेव्हा मला कोण सांगणार?

बाईंनी डोळे पुसले आणि मोठ्यांदा हाक मारली, "मावशी! जरा इकडे या. तिच्या शेजारी बसा. मी करते तसं करा. हनुवटीवर बोट. ही मी. आता तळहात सपाट, आणि वरून फुंकर."

"याचा अर्थ काय हो?"

बाईंनी सांगितला.

"अगंबाई! भरल्या घरात असलं काय शिकवता?"

"शिका. माझ्यामागे तुम्हालाच सांगायचंय."

मावशींनी नाइलाजाने हात पुढे केला. तळहात वाकडा झाला, बोटं आखडली. धाकटीने मान हलवली, त्यांची बोटं धरून एकेक सरळ केली, आणि नीट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतलं.