बोरीच्या जात्याला अ‍ॅबर्डीनची टाकी

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. जुनं म्हणा, काळं म्हणा, खुशाल म्हणा. पण शोभेची वस्तू म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही.

माझा जन्म जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचा. चिमाजी पाथरवटानं उरल्यासुरल्या काळ्या पाषाणातून मला घडवलं, म्हणून मी अंगानं लहान. माझ्या वरच्या-खालच्या दोन्ही दगडांना त्यानं छिन्नीनं बारीक खाचा पाडल्या. याला टाकी लावणं म्हणतात. या खाचांत दाणा अडकतो म्हणून पीठ होतं. खाचा झिजल्या की जातं नुसतं गरगरतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

गावात गिरणी आली आणि थोरली जाती अंगणात पालथी पडली. माझी मालकीण धोंडाबाई मात्र द्वादशीची बाजरी माझ्यावरच दळायची. तिचे यजमान हौशीराम पक्के कीर्तनवेडे. सप्ताहात टाळ घेऊन उभे राहिले की पायांना मुंग्या आल्या तरी बसायचे नाहीत. एकादशीचा उपास ते माझ्या ताज्या पिठाची भाकरी खाऊनच सोडायचे. धोंडाबाई देवाघरी गेली, तेव्हा ते स्वतः दळायला बसले. गाव हसलं.

"हसा," ते म्हणाले. "भक्तासाठी देव दळायला बसला, मंग मला कसली आलीय लाज?"

१९९८ साली त्यांचा मुलगा भरत त्यांना न्यायला आला. स्कॉटलंडातल्या अ‍ॅबर्डीन शहरात तो तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होता. घराला कुलूप लागणार होतं. हौशीरामांनी बॅग भरली आणि मग तिच्यातले कपडे काढून तीत मला ठेवलं.

"आण्णा, विमानात दगड नेता का कुठं?"

"मागल्या वेळी तू पीठ नेलं व्हतं. म्हैन्यात कडू पडलं. दळलेलं टिकत न्हाई, म्हणून जातं येनार."

"आन् तिकडं बाजरी कुठाय?"

"ते पांडुरंग बघील. तू बॅग उचल."

भरतनं उचलली आणि "आई गं!" करून खाली ठेवली. म्हातारबाबा एकावर एक तीन सदरे घालून विमानात बसले.

अ‍ॅबर्डीन म्हणजे अख्खं दगडाचं गाव. घरं दगडाची, पूल दगडाचे. मला वाटलं, माहेरी आले. पण त्या गावात भाकरीला कुणी ओळखत नव्हतं. पाव हौशीरामांच्या घशाखाली उतरेना. पहिल्याच आठवड्यात बागेत एक बाई पाखरांना दाणे टाकताना दिसली. त्यांनी वाकून दाणा चिमटीत धरला आणि ओरडले, "भरत, बाजरी!" लगेच पाखरांच्या दुकानातून पिशवी आली. मी दळलं, पण भाकरी थापता थापताच फाटली.

भरतची बायको स्नेहल हसू दाबत म्हणाली, "मामा, ही बाजरी न्हाई. वरईची कुणीतरी चुलत बहीण दिसती."

"पाखरांच्या ताटात हात घातला, दुसरं काय व्हनार!" म्हणत हौशीराम उरलेले दाणे बागेत टाकून आले.

स्नेहल जुन्नरकडच्याच येडगावची लेक. ती हटणारी नव्हती. शोधून शोधून तिनं एक गुजराती दुकानदार गाठला. त्याच्याकडं बाजरीचं पीठ होतं, पण कधीचं दळलेलं कोण जाणे, चव कडूच. "पीठ नको, दाणा आणा," असं तिनं बजावलं. दोन महिन्यांनी पोतं आलं. त्या द्वादशीला भाकरी टम्म फुगली. देवाला नैवेद्य दाखवून, कीर्तनाची कॅसेट लावून हौशीराम जेवले. मी त्या परक्या गावाला मनात म्हटलं, बघ, आम्ही आलोय!

सात वर्षं मी गात राहिले. मग माझ्या खाचा झिजल्या आणि पिठाचा भरडा पडू लागला. स्नेहलनं मिक्सरवर दळून पाहिलं, तर मिक्सरच जळाला. तीन द्वादश्या हौशीराम नुसतं दूध पिऊन ताटावरून उठले. मग म्हणाले, "भरत, माझं तिकीट काढ."

"तिकडं कुणाकडं जाणार, आण्णा? घराला कुलूप हाय."

"कुलूप उघडतं."

स्नेहलला एकच काळजी. त्या बंद घरात म्हाताऱ्या माणसाला भाकरी कोण थापून देणार होतं?

भरतनं मला उचलून मागच्या पायरीवर नेलं आणि माझ्यावर फुलांची कुंडी ठेवली. "लई भारी दिसतंय!" म्हणाला. मित्रांनो, ज्या तोंडात द्वादशीचा घास पडायचा, त्यात माती गेली! मीही मग हट्टाला पेटले. त्या कुंडीला एकही दिवस नीट टेकू दिलं नाही. माझ्या तोंडाच्या उंचवट्यावर ती कलायची आणि वारा आला की पडायची. तिसऱ्यांदा पडून फुटली, तेव्हा स्नेहल बाहेर आली.

"पडेल न्हाई तर काय? ही काय जात्याची जागा हाय?" असं पुटपुटत तिनं पदराऐवजी ओढणीनंच माझं तोंड पुसलं. आणि एकदम थबकली. इतक्या दगडांच्या गावात टाकी लावायला एखादा पाथरवट नसेल?

होता की. डंकन नावाचा म्हातारा. पण तो थडगी घडवायचा.

"थडगी?" हौशीराम कडाडले. "माझ्या द्वादशीच्या जात्याला त्याचा हात लागनार न्हाई!"

"मामा, चिमाजीबाबा देवळाची पायरी घडवायचे, तसा गोठ्यातला हौदपण घडवायचे. त्यांची छिन्नी बाटली का? कीर्तनात माना डोलवता, ते काय नुसतं ऐकायला?"

हौशीरामांनी टाळाची दोरी गुंडाळून ठेवली. मग उठून सदरा घालत म्हणाले, "मंग मीबी येतो. त्याला खाचा कोन दाखवनार?"

बरं झालं आले! डंकननं मला पाहिलं, मान डोलावली आणि चकचकीत करायचं यंत्र हातात घेतलं. त्याच्या धंद्यात दगड गुळगुळीत करणं हीच कारागिरी.

"आरं थांब, राव! मारशील जात्याला!" हौशीरामांनी त्याचा हातच धरला. मग फरशीवरच्या दगडाच्या भुकटीत बोटानं एक गोल काढला आणि मधून कडेपर्यंत रेघा ओढल्या. छिन्नी उचलून टक टक करून दाखवलं. डंकननं रेघांकडं पाहिलं, माझ्या पोटावरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं हसला.

आणि घाव पडला. मित्रांनो, डोळे मिटले असते तर मी शपथेवर सांगितलं असतं की चिमाजीच आहे.

पुढच्या द्वादशीला पीठ मऊसूत पडलं. भाकरी फुगली. हौशीरामांनी अर्धी मोडून फडक्यात बांधली. "ही त्या पाथरवटाला."

भरतनं हळूच विचारलं, "आण्णा, तिकिटाचं काय करू?"

"कसलं तिकीट? सात वर्सांनी पुन्हा टाकी लावायची हाय. मी गेलो तर त्याला रेघा कोन काढून दाखवनार?"

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण अंगणात पालथी पडली असेल. तिच्यावर फुलं ठेवू नका, तिला हारही घालू नका. तिला सरळ करा, टाकी लावा आणि मूठभर दाणा तोंडात घाला. झिजायला आम्ही भीत नाही. फक्त आम्हाला मुकं करू नका.