आयत्या वेळचे विषय

कोल्हापुरात कुठल्याही संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन बसा, प्रकार एकच. विषय वाचणारा अर्ध्या वाक्यात असतो तोवर समोरून 'मंजूर, मंजूर' असा गिल्ला होतो, आणि काय मंजूर झालं ते कळायच्या आत पंगती बसतात. वडिलांचं बोट धरून मी अशा सभांना गेलोय. याच शब्दानं माझा गळा कापला गेला आणि याच शब्दानं मी दोघांचा कापला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी आणि माझा वर्गमित्र आदर्श, आम्ही राजारामपुरीत एका क्लासच्या माडीवर खोली घेऊन कंपनी काढली. गावच्या दूध संस्थेत घातलेल्या दुधाचं माप, फॅट आणि बिल कॉम्प्युटरवर निघावं, असा प्रोग्राम मी लिहिला होता. आदर्श तो विकायचा. जिभेवर साखर, पण चार ओळींचा कागदसुद्धा तो कधी पुरता वाचायचा नाही. दर महिन्याला आम्ही ठरवायला बसायचो, पगार घ्यायचा की नवा प्रिंटर? दर महिन्याला प्रिंटर जिंकायचा.

तिकडे गडहिंग्लजला माझी आई, अव्वा, माझ्यासाठी मुली बघत होती. मी मालक आहे म्हटलं की पोरीकडचे म्हणायचे, "ते झालं वो, पण पगार किती?" एकट्या वर्षाराणीच्या वडिलांनी दार लावून घेतलं नाही. "पगार चालू झाला की फोन करा," म्हणाले. वर्षाराणी मला फार आवडली होती. तिनं चहा देताना हळूच विचारलं होतं, "कॉम्प्युटरला दूध कळतंय व्हय?" त्या दिवसापासून मला पगार हवा होता.

बँक घर तारण मागत होती. तेवढ्यात आदर्शनं हंबीररावांना गाठलं. रस्त्यांची कंत्राटं, दोन संस्थांचं अध्यक्षपद, बोटात अंगठ्या. "पाच लाख देतो," ते म्हणाले. "साठ टक्के माझं. आन् सहा महिन्यांत दोघांस्नी पगार चालू."

"साठ त्यांचे म्हणजे आपल्याच घरात आपण पाहुणे," मी आदर्शला म्हणालो.

"शंभर टक्के उपाशी मरण्यापरास चाळीस टक्के पोटभर खा की, मृत्या!"

मी सही केली. हंबीररावांनी आपले साठ टक्के ड्रायव्हर आकाराम, मेहुणे गणपतराव अशा घरच्याच माणसांत वाटले. सभेला माणसं दिसायला पाहिजेत म्हणे.

पहिली सभा पन्हाळ्यावर, एका हॉटेलात. दारातच सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आत मटणाचा वास सुटलेला. मी लिंगायत, म्हणून हंबीरराव मला 'स्वामी' म्हणायचे; माझ्यापुरता दही-भात सांगितलेला. आदर्श विषय वाचत होता. शेवटी नेहमीप्रमाणे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' आले. तो घोड्यावर बसल्यासारखा सुटला, "संस्थापकांच्या पगाराबाबत..."

"मंजूर!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

मी जेवायला थांबलोच नाही. स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर पळालो आणि वर्षाराणीच्या वडिलांना फोन लावला, "मामा, पगार मंजूर झाला!" ते म्हणाले, "सोमवारी अव्वास्नी घेऊन या." फोनमध्ये त्यांच्या पाठीमागं कोणीतरी हसल्याचं ऐकू आलं. तीच असणार.

परत आलो तेव्हा आदर्श ताटावर बसला होता. ठराव टेबलावर पडला होता. मी पुरता वाचला. आदर्शला दरमहा पंधरा हजार. 'दोघांचा पगार कंपनीला परवडणारा नसल्याने मृत्युंजय यांना कामातून मुक्त करण्यात येत आहे.'

हंबीरराव दात कोरत म्हणाले, "सगळ्यात मोठ्यानं तूच वरडलास की, स्वामी."

आदर्शनं मान वर केली नाही. नळी चोखत राहिला.

दुसरा फोन करायची माझी हिंमत झाली नाही. सोमवारी ते लोक वाट बघत बसले. वर्षाराणीला पुढं बेळगावात दिली.

माझे वीस टक्के मात्र त्यांना घेता आले नाहीत. म्हणून दर वर्षी सभेची नोटीस यायची, आणि मी खालच्याच क्लासमध्ये पोरांना शिकवून पोट भरणारा माणूस, दर वर्षी पन्हाळ्याला जायचो. दही-भात खायचो, 'मंजूर' म्हणायचो. लोक मला निर्लज्ज म्हणत. मी डूख धरून बसलो होतो.

दोन हजार पाच साली पुण्याच्या एका कंपनीनं आमची कंपनी विकत मागितली. हंबीररावांनी खर्च कमी दाखवायला आदर्शचा पगारच बंद केला. एका दुपारी तो क्लासच्या दारात उभा राहिला.

"चुकलं माझं, मृत्या. म्हातारा मलाबी काढणार."

"विषय अजून तूच वाचतोस न्हवं?"

"व्हय."

मी दोन ठराव लिहून दिले. पहिला त्यानं वाचला, आणि कागद कपाळाला लावला. दुसऱ्याच्या वर 'आदर्श यांच्या पगाराबाबत' एवढं दिसलं, त्यावर त्यानं मला मिठीच मारली. पुढचं वाचलं नाही. वाचणार नाही हे मला ठाऊक होतं.

सभेच्या दिवशी हंबीरराव मोबाइलवर पुण्याशी भाव करत होते. आयत्या वेळचे विषय आले. "हंबीरराव यांचे पाच लाख परत करून त्यांचे व त्यांच्या नातलगांचे सर्व भाग मृत्युंजय यांनी..."

"मंजूर!" मी ओरडलो. हंबीररावांनी फोन न सोडता हात वर केला, "मंजूर, मंजूर." त्यांचा हात बघून आकाराम, गणपतराव, सगळी पंगत ओरडली.

आदर्श खुशीत पुढं सुटला, "आदर्श यांच्या पगाराबाबत, सदर पगार कंपनीला परवडणारा नसल्याने आदर्श यांना..." तिथं तो वाचायचा थांबला. पण 'मंजूर' होऊन गेलं होतं. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

हंबीररावांना कळायला वेळ लागला. मग अंगावर आले. "कोर्टात खेचीन!"

"खेचा की. नुसतं वरडलेलं चालत न्हाय म्हणून सांगा जजाला. मग मला काढलेलंबी चालत न्हाय, आन् त्या दिवसापास्नंचा एकबी ठराव चालत न्हाय. असली कंपनी पुण्याचं कोण घेतंय? सह्या दारात झाल्यात. पाच लाख पिशवीत हायत, मोजून घ्या." गावचं घर तारण टाकून आणले होते मी ते. हंबीरराव खाली बसले. त्यांचा घाम बघून मला बरं वाटलं.

आदर्श कागद धरून माझ्याजवळ आला. "मृत्या, दोन पोरं हायत मला. पगाराचं आज ठरतंय म्हणून घरात सांगून आलोय रं."

त्याच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. त्यानं काढून नुसता हातात धरला.

"उचल की," मी म्हणालो. "सांग घरात, मंजूर झाला म्हणून."

त्यानं उचलला नाही. मी माझं पान वाढून घेतलं आणि जेवायला बसलो. फोन वाजतच होता.