फिरकीचा बिननंबरचा चष्मा

मी चष्मा बोलतोय. हसू नका! चष्म्याला वाचा कुठून फुटली, असं विचारणाऱ्यांनी आधी मला सांगावं, की डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारी माणसं शहाणी कशी?

माझा जन्म कारखान्यात झाला, एका दिवसात बाराशे भावंडांबरोबर. माझी डावी काडी जराशी वाकडी निघाली, म्हणून खऱ्या काचा काही माझ्या नशिबी आल्या नाहीत. जाड काळ्या फ्रेमीत साधं प्लास्टिक बसवलं, 'नमुना' अशी चिठ्ठी चिकटवली आणि एका चष्म्याच्या दुकानात धाडून दिलं. तिथे काउंटरवर तीन वर्षं काढली. ज्याने त्याने मला नाकावर चढवावं, आरशात मान वाकडी करावी आणि विचारावं, "कसा दिसतो मी?" तीन वर्षांत "मला कसं दिसतं?" असं एकानेही विचारलं नाही. बरंच झालं म्हणा, माझी झाकली मूठ राहिली.

दुकान ताईचं. डोळे तपासायची ती आणि चष्मे विकायचीही तीच. वय बेचाळीस, हुशार, पण भारी भिडस्त. कोणाला नाही म्हणायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

एके सकाळी एक बस ड्रायव्हर आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आला. पोरगी एका जागी ठरेल तर शपथ! घरी तिला फिरकीच म्हणायचे.

"ताई, हिला चष्मा द्या. चांगला जाडजूड. पुस्तक उघडलं की हिला अक्षरंच दिसत नाहीत."

ताईने डोळे तपासले. फिरकीने सगळ्यात बारीक चित्रंसुद्धा धडाधड ओळखली. वर, समोरच्या भिंतीवरच्या पालीची शेपटी तुटलीय, हेही सांगितलं.

"दादा, डोळे उत्तम आहेत हिचे."

"उत्तम? मग वाचताना काय होतं हिला? शाळेतल्या बाई म्हणाल्यात, वर्षअखेरीचा पेपर जमला नाही तर एक वर्ग खाली बसवणार. खालच्या वर्गात हिचा धाकटा भाऊ आहे हो! त्या गाढवाने आत्तापासून शेजारची जागा धरून ठेवलीय!"

फिरकीचं तोंड एवढंसं झालं. ताईला ते बघवेना आणि बापाला नाही म्हणवेना. तिने माझी चिठ्ठी टरकन काढली आणि मला फुकटात देऊन टाकलं. "हा लावून बघा थोडे दिवस."

ताई चुकली ती इथेच. मी मात्र हुरळून गेलो. कालपर्यंतचा नमुना आज एकदम विद्वान!

घरी सगळे तिच्याभोवती जमले. "दिसतं का गं आता?" फिरकीने बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. आता छान दिसतं." मी तिच्या नाकावरच बसलो होतो. तिला कालच्यापेक्षा काडीचंही वेगळं दिसत नव्हतं, हे मला नाही कळणार तर कोणाला? बापाने डेपोभर माझे गोडवे गायले. आठ दिवसांनी शाळेत वाचन झालं. आधी दहात तीन मिळायचे, माझ्यासकट दोन मिळाले. एक मार्क मी खाल्ला.

बाप मला घेऊन तरातरा दुकानात आला. "नंबर वाढवून द्या!"

ताईने मला त्याच्या हातून काढून घेतलं. "दादा, वाढवायला नंबर आहेच कुठे? साधं प्लास्टिक आहे ते. माझं चुकलं."

"म्हणजे आठ दिवस मी अख्ख्या डेपोला प्लास्टिकचं कौतुक सांगत होतो?" तो मटकन स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, "मग माझ्या पोरीला झालंय तरी काय?"

तो प्रश्न ताईच्या मनाला फार लागला. तिने ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, दोन-चार शाळांत खेटे घातले आणि एकदाचा शब्द सापडला, डिस्लेक्सिया. म्हणजे डोळे ठीक, डोकं तल्लख, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ सहज पडत नाही. अशा मुलांना वाचायला शिकवण्याचा वर्षभराचा कोर्स होता. ताईने नाव घातलं. "या वयात?" नवरा म्हणाला. "वय डोळ्यांना होतं, हौसेला नाही," म्हणून ताईने त्याची बोलती बंद केली.

पुढे बिचाऱ्याचे हाल कुत्रा खाईना. जेवताना त्याने मीठ मागितलं की ताई सरावाला बसायची. "आधी 'टोमॅटो' शब्द टाळ्या वाजवून तोडा बघू." टो, मॅ, टो. महिन्याभरात माणूस निमूटपणे अळणी खायला लागला.

सराव खरा चालायचा तो फिरकीबरोबर, दुकानाच्या मागच्या खोलीत. वाळूत बोटाने अक्षर गिरवायचं, गिरवताना आवाज मोठ्याने म्हणायचा, अडलेला शब्द बोटांवर तोडायचा. एकेक शब्द वेगळा दिसावा म्हणून ताईने पुठ्ठ्याची खिडकी कापली होती. फिरकीने ती भिरकावून दिली आणि मला कागदावर आडवा ठेवला. एका गोलात एक शब्द, दुसऱ्या गोलावर तिचा तळवा. अहो, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यातून काहीतरी बघत होतं!

वर्ष सरलं, ताईच्या कोर्सची परीक्षा आली. परीक्षक बाई समोर बसून अख्खा पाठ बघणार. ताई पास झाली तरच फिरकीबद्दलचं तिचं पत्र शाळेत चालणार होतं, आणि त्या पत्रावर फिरकीला पेपरला जास्त वेळ मिळणार होता. नाहीतर भावाशेजारचा बाक होताच.

बाई आल्या. मोठा अंबाडा, कडक इस्त्री, हातात फॉर्म. ताईच्या हातून खडू दोनदा मोडला, पण पाठ झकास झाला. मग फॉर्म भरायची वेळ आली आणि बाईंना चष्मा सापडेना. पर्स उपडी केली. तीन पेनं निघाली, अर्धं बिस्कीट निघालं, चष्मा नाही. तेवढ्यात त्यांना टेबलावर मी दिसलो. त्यांनी मला खुशाल नाकावर चढवलं. ताई सांगायला पुढे झाली, पण भीड आडवी आली.

"हं, आता छान दिसतंय," बाई म्हणाल्या. फॉर्म उलटा धरला होता.

फिरकी ताडकन उभी राहिली. "बाई, खोटं नका बोलू. तो बिननंबरचा आहे. मीपण असंच म्हणायचे."

ताईने डोळे मिटले. वर्षाची मेहनत पाण्यात गेली, असंच तिला वाटलं. बाई लालबुंद झाल्या. मग त्यांनी विचारलं, "तू का म्हणायचीस गं?"

"बाबांना वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही?"

"मला लाज वाटली."

"मग द्या इकडे. मी वाचते. पण घाई करायची नाही."

तिने मला बाईंच्या नाकावरून उतरवलं आणि फॉर्मवर ठेवलं. "मूल... वाचताना..." पुढचा शब्द अडला. तिने बोटं मोजली. घा, ब, र, ते. बाई पेन धरून थांबल्या. ताई थांबली. दाराबाहेर उभ्या बापाने दाराला कान लावला होता. "घाबरते... का?"

फिरकीने मान वर केली. "नाही. लिहा बाई, नाही."

बाईंनी अंदाजानेच लिहिलं. बाप आत आला, डोळे पुसत. "दिसलं गं बाळा?"

"दिसत तर आधीपासूनच होतं, बाबा. आता वाचता आलं." मग तिला काहीतरी आठवलं. "आणि बाई, तुमचा चष्मा अंबाड्यात आहे."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

"मला वाटलं, फॅशन आहे."

ताई पास झाली. पत्र चाललं, जास्त वेळ मिळाला आणि फिरकी वरच्या वर्गात गेली. भाऊ दोन दिवस फुरंगटून बसला होता. आता ती मागची खोली ताईचा वाचनवर्ग झालीय. मी तिथेच टेबलावर असतो. उजव्या गोलाला चीर गेलीय, काडीला कोणाकोणाच्या दातांचे वण आहेत, पण रोज दहा-बारा पोरं माझ्यातून एकेक शब्द पकडतात.

एवढंच मागणं आहे. एखादं पोर तुमच्या तोंडाकडे बघत "आता छान दिसतं" म्हणालं, तर खूश होऊन डेपोभर सांगत सुटू नका. जवळ बसा आणि घाई करू नका. बरं, येतो मी, पोरं आली. आणि तुमचा चष्मा सापडत नसेल, तर आधी डोकं चाचपून बघा.