भिंतीजवळची जागा

"भावजी, या मंडळींना कुठे बसवू?" वहिनीने हॉलच्या दारातूनच विचारलं. तिच्या दोन्ही हातांवर कोटांचा ढीग होता.

"खुर्च्यांवर. एकेकाला एकेक."

तिच्या लाँड्रीत धुवायला टाकून कोणी परत न नेलेले हे जाड लोकरी कोट. तिचा दीर या बँडचा साउंडवाला. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की आटोक्यात येतो; म्हणून दुपारी आवाज तपासताना माणसांच्या जागी तो कोट बसवायचा. एरवी तोच ते घेऊन जाई. आज ती स्वतः आली होती.

तिचा नवरा या बँडमध्ये बेस गिटार वाजवत असे. तो गेल्यापासून त्याचं रेकॉर्डिंग लावून कार्यक्रम चालले होते. पुढच्या कार्यक्रमाला नवा वादक येणार होता. आज नवरा शेवटचा वाजणार, आणि लाँड्रीच्या व्यापात तिने त्याला हॉलमध्ये एकदाही ऐकलं नव्हतं.

स्टेजवर ओठ काळे रंगवलेली गायिका गरम पाणी पीत होती. तिच्यामागे सगळेच काळ्या कपड्यांत.

"माणूस गेलं माझ्या घरातलं, आणि काळ्यात तुम्ही!" वहिनी म्हणाली.

गायिकेला ठसका लागला. "हसू की नको, वहिनी?"

"हस गं. त्यालाही तुमच्या या थाटाचं हसूच यायचं."

दिराने तिला मधली खुर्ची दिली. गाणं सुरू झालं. कीबोर्डचे गार, लांबट सूर, मशीनचा ठोका, आणि विहिरीतून यावा तसा गायिकेचा आवाज. वहिनी वाट पाहत राहिली.

"भावजी, हा कुठाय?"

"वाजतोय की! बघा, मीटरचा काटा हलतोय."

"मला नाही ऐकू येत."

"लाजत असेल तुम्हाला."

ती उठली. मागे जाऊ लागली तसं पोटात काहीतरी हललं. मागच्या भिंतीशी पोचली तेव्हा तो बरगड्यांत भरून आला. ती पुन्हा मध्यावर गेली, नाहीसा. भिंतीशी आली, हजर.

"अहो, हा जागा धरून बसलाय!"

दीर टेबलामागून आला. "खालचे सूर भिंतीवर आपटून परत फिरतात. जाणारा आणि येणारा जिथे एकमेकांना खोडतात, तिथे शांत. भिंतीपाशी दोघांची बेरीज."

"आणि कोट?"

"कोट वरचे सूर पितात. याच्यावर कोटांचा काही परिणाम नाही. हा कोणाचं ऐकत नाही."

"घरीही असाच होता. मग मला मध्ये का बसवलंत?"

"गाणं तिथून छान ऐकू येतं."

"गाणं ऐकायला कोण आलंय!"

संध्याकाळी लोक आले, कोट आतल्या खोलीत गेले. मधली खुर्ची तेवढी रिकामी राहिली.

"काकू, पुढे जागा आहे," जाळीचे हातमोजे घातलेली एक मुलगी म्हणाली. "इथून काय ऐकू येणार?"

"बरंच."

शेवटच्या गाण्यात आधी गायिका थांबली, मग कीबोर्ड, मग ठोका. एकटा बेस उरला. दिराने मागे वळून भिंतीकडे पाहिलं आणि टेबलावरची आवाजाची पट्टी अगदी सावकाश खाली आणली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचा तळहात अजून भिंतीवर टेकलेला होता.